गिरण्या संपामुळे बंद पडल्या का? एका घरगुती प्रश्नाचा संशोधनाचा प्रश्न कसा होतो

पेट-नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, संशोधनाचा प्रश्नच सापडत नाही, काय करू?" माझा अनुभव असा, की प्रश्न बहुतेक वेळा सापडलेला असतो, फक्त तो आपण धड मांडलेला नसतो. आज त्याचं एक उदाहरण देते. ते माझ्या विषयातलं नाही. मी रसायनशास्त्राची, धातूंच्या गंजावर पीएच.डी. करते. पण हा प्रश्न आमच्या घरातला आहे, म्हणून गेली तीन-चार वर्षं भाईंदर ते मुंबई या रोजच्या प्रवासात मी गिरण्यांच्या इतिहासावरची पुस्तकं वाचते आहे.

प्रश्न असा: मुंबईच्या कापडगिरण्या १९८२ च्या संपामुळे बंद पडल्या का?

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे माग. अकरा वर्षं बदली कामगार म्हणून काढली, मग कायम झाले, आणि तीन वर्षांत संप आला. संपानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. काही वर्षं गावी, संगमेश्वरकडे, शेती केली. पुढे वडिलांना भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम मिळालं आणि सगळं घर इकडे आलं. दर गणपतीत जेवणं झाल्यावर विषय निघतो. मोठे काका म्हणतात, "संपानं वाटोळं केलं." आजोबा काही न बोलता उठून गॅलरीत जातात. गेटसमोरच्या सभेत संपासाठी त्यांनीही हात वर केला होता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे काकांचं वाक्य खरं असेल तर त्या वाटोळ्यात आजोबांचा एक हात आहे. मला हे खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता तुम्ही सांगा, हा प्रश्न घेऊन तुम्ही गाइडकडे गेलात तर काय होईल? गाइड पहिल्यांदा विचारतील, "बंद पडलं ते नेमकं काय?" इथेच आपण अडखळतो. मुंबई शहर बुडालेलं नाही. १९८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सव्वा कोटीच्या घरात गेली. भारतातला कापडधंदाही बुडालेला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला जाऊन बघा. बुडालं ते गिरणगाव: परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी, भायखळा, ताडदेव हा पट्टा, तिथला पगार आणि त्या पगारावर उभ्या राहिलेल्या चाळी, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं. म्हणजे शहर, धंदा, वस्ती आणि माणसं या चार वेगळ्या गोष्टी झाल्या. चारींना एकच आलेख लावला तर उत्तर चुकणारच.

हे पटत नसेल तर अमेरिकेतलं डेट्रॉइट घ्या. मोटारींचं शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक होते, २०१० मध्ये सव्वासात लाखांहून कमी उरले आणि २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. तिथे कारखाने गेले तशी जमिनीलाही किंमत उरली नाही, रिकामी घरं कवडीमोलाने विकली गेली. मुंबईत कारखाने गेले आणि जमीन सोन्याहून महाग झाली. कामगाराच्या हातून रोजगार दोन्हीकडे गेला. पण दोन पडझडींची जात एक नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी चढण बघू, कारण पडण्याची बरीचशी कारणं तिथेच सापडतात.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पैसा व्यापाऱ्यांचा होता. कापूस आणि अफूच्या व्यापारात कमावलेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकशायरला तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचा भाव अस्मानाला भिडला. शहरात पैशाचा पूर आला, शेअरचा जुगार झाला. युद्ध संपलं तसा १८६५ मध्ये सगळा फुगा फुटला. याच सुमाराला, १८६४ मध्ये, गुजरातकडची रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईत आली. आमच्या भाईंदरच्या स्टेशनावरून आज जी गाडी पकडतो त्याच वाटेने तेव्हा कापसाच्या गासड्या जायला लागल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, यंत्रं स्वस्तात यायला लागली. १८९५ च्या सुमाराला मुंबईत सत्तरच्या आसपास गिरण्या होत्या.

या गिरण्या काय बनवत होत्या? मला वाटायचं, कापड. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांचा मुख्य माल होता जाडंभरडं सूत, आणि त्यातलं पुष्कळसं जायचं चीनला. म्हणजे उद्योग मुंबईत, कच्चा माल वऱ्हाड-गुजरातेत आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी चांदीच्या मुक्त नाण्यांसाठी बंद केल्या. चीनचा व्यवहार चांदीत चालायचा, त्यामुळे तिकडे आपलं सूत महाग झालं. त्याच वेळी जपानच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून गावी पळाले. त्याच वर्षी इथल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, लँकशायरच्या समाधानासाठी. तो तीस वर्षं राहिला. संपाला अजून शहाऐंशी वर्षं आहेत, आणि गिरण्यांवर पहिलं मोठं संकट येऊनही गेलं.

आता थोडं पैशाच्या रचनेबद्दल, कारण परीक्षेच्या पुस्तकांत हे एका ओळीत उरकतात. गिरणी चालवायची ती मॅनेजिंग एजंटाने. सुरुवातीच्या कित्येक एजंटांचं कमिशन ठरलेलं असायचं उत्पादनावर, पौंडामागे पाव आणा. गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघालं की एजंटाला पैसे. असा माणूस नवं यंत्र, बारीक सूत, पुढच्या वीस वर्षांची बाजारपेठ यांचा विचार कशाला करेल? त्याला आज सूत निघायला हवं. सगळेच असे होते असं नाही. जमशेटजी टाटांनी मोठी गिरणी काढायला मुंबई सोडून नागपूर निवडलं. कापसाच्या शेताजवळ. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीला मुंबईच हवी असं काही नाही, हे इतक्या लवकर कुणाला तरी दिसलं होतं.

बाजार असा वरखाली होणारा असेल तर मालक काय करतो? कामगार लवचीक ठेवतो. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि माझ्या मते गिरणगाव समजायची किल्ली तीच आहे. मागणी वाढली की माणसं घ्यायची, पडली की घरी बसवायची. त्यासाठी दोन व्यवस्था होत्या. एक जॉबर. तो माणसं आणणार, कामावर घेणार, काढणार, आणि गरजेला उसनेही देणार. दुसरी बदली. सकाळचा भोंगा व्हायच्या आत गेटवर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आलं नसेल तर त्याच्या साच्यावर दिवसभर काम, नाहीतर परत खोलीवर. रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता), साताऱ्यातून, घाटावरून आलेली माणसं बायकामुलं गावी ठेवत ती काही फक्त गावाच्या ओढीने नाही. महिन्यातले किती दिवस काम मिळेल याची खात्री नसताना शहरात बिऱ्हाड कसं मांडणार? आठ-दहा जणांची खोली, खानावळीत जेवण, आणि काम सुटलं तर गाव. गावाकडची शेती हा गिरणीमालकाचा न लिहिलेला बेकारी भत्ता होता, असं मी म्हणते. कुणाला अतिशयोक्ती वाटेल.

म्हणून संप हाही इथे काही अचानक आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. टिळकांना शिक्षा झाली तेव्हा, जुलै १९०८ मध्ये, गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १९२८ मध्ये तर सहा महिने. त्या संपामागचं कारण बघा: दोन साच्यांऐवजी तीन साचे एका माणसाने चालवायचे. मालक याला सुधारणा म्हणत होते. त्यांच्याही मागे अडचण होती: पहिल्या महायुद्धातला नफा उडून गेला होता, जपानी कापड येत होतं, आणि अहमदाबाद बारीक कापडात पुढे निघून गेलं होतं. नवं यंत्र घ्यायच्या ऐवजी त्यांनी जुन्या यंत्रावरचं काम वाढवलं. इतका मोठा संप करून गिरण्या उठल्या नाहीत असं झालं नाही. उलट दुसऱ्या महायुद्धात तिन्ही पाळ्या चालल्या. "संप झाला म्हणून गिरणी मेली" हे सूत्र १९२८ ला लागत नाही, मग १९८२ ला का लागतं, हा त्यातून निघणारा पुढचा प्रश्न.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगते. १९५० च्या दशकात सरकारने हातमाग वाचवण्यासाठी गिरण्यांना माग वाढवायला अटकाव केला. त्याचा फायदा हातमागाला फार झाला नाही, यंत्रमागाला झाला. यंत्रमाग म्हणजे भिवंडीतला चार-सहा मागांचा गाळा: कर कमी, कामगार कायदा दारापाशीच थांबलेला. गिरणीमालक कमावलेला पैसा दुसऱ्या धंद्यांत नेत होते. १९७४ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे घेतल्या, त्यात मुंबईतल्याही होत्या. संपाच्या आठ वर्षं आधी! काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते असेल, पण आमची तर चालू होती." बरोबर आहे. चालूच होती.

माझ्या विषयात याला एक समांतर गोष्ट आहे. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसतो, आत मात्र गंज खोलवर गेलेला असतो. मग एके दिवशी नेहमीपेक्षा थोडं जास्त वजन पडतं आणि सळई तुटते. अहवालात तुटण्याची तारीख लिहिली जाते ती त्या वजनाची. पण इथे एक सावधगिरी. "आधीच गंजलं होतं" हे मागाहून म्हणणं फार सोपं असतं. गंज नसलेली, पण बाकी सगळं सारखं असलेली सळई, किंवा वजन न पडलेली गंजकी सळई तुम्ही तपासली का? त्याशिवाय परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत.

इतिहासात असा नियंत्रण नमुना सहसा मिळत नाही. इथे मिळतो. अहमदाबाद.

पण आधी संप. १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसवरून असंतोष पेटला. मान्यताप्राप्त युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकांशी बोलणी करायचा हक्क तिलाच होता. कामगारांना तिच्यावर भरवसा उरला नव्हता, पण ती बदलायचा रस्ता कायद्याने फार अवघड करून ठेवला होता. ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांमध्ये पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करणं होतं, आणि तो कायदा रद्द करणंही होतं. मालकांनी वाट बघितली. गोदामात माल पडून होता, तो आधी विकला गेला. नंतर कित्येक गिरण्यांचं कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेतलं गेलं आणि त्यावर गिरणीचा शिक्का बसला. सरकार हललं नाही. १९८३ मध्ये मुंबईतल्या आणखी १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. संप मागे घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही. माणसं एकेक करून परतली किंवा परतली नाहीत. लाखाहून अधिक माणसं कामाबाहेर राहिली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता अहमदाबाद. तिथली पहिली गिरणी १८६१ ची, रणछोडलाल छोटालाल यांची. माल जास्त बारीक, मालक गावातलेच, आणि युनियन गांधीजींच्या वळणाची, लवादावर विश्वास ठेवणारी मजूर महाजन. तिथे १९८२ सारखा संप झाला नाही. तरी १९८० आणि ९० च्या दशकांत तिथल्याही गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. वजन पडलं नाही, तरी सळई तुटली.

म्हणजे काकांचं विधान पडलं का? निम्मं. अहमदाबादवरून इतकंच म्हणता येतं, की जुन्या पद्धतीच्या एकत्रित गिरण्यांचा धंदा संपाशिवायही जाणार होता. तो कधी जाणार, किती वेगाने, आणि जाताना कामगाराच्या हातात काय पडणार, हे मुंबईत संपाने ठरवलं, आणि ते कामगाराच्या विरोधात ठरलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर सामंतांनी सहाव्या-सातव्या महिन्यात थोडक्यावर तडजोड करायला हवी होती. पण संधी कितपत होती यावर जाणकारांत मतभेद आहेत, आणि मी तो प्रश्न सोडवलेला नाही.

अहमदाबाद एक गोष्ट मात्र समजावत नाही: मुंबईची जमीन. डेट्रॉइट आठवा. मुंबईत गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, शहराच्या ऐन मध्यात, आणि त्यातली बरीच सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली. गिरणी चालवण्यापेक्षा बंद करण्यात जास्त पैसा असेल तर मालक ती का चालवेल? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: विकायला काढलेल्या गिरणी जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, जिच्यावर बांधकाम उभं आहे ती सोडून. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच! शहराच्या वाट्याला एकदम तुकडे आले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याआधीच, २००५ मध्ये, लोअर परळची एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली गेली होती. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते.

"संपामुळे गिरण्या गेल्या" या वाक्यात १९८२ नंतरचं हे सगळं दिसेनासं होतं. मी कुणावर कटाचा आरोप करत नाही. पण एखादं स्पष्टीकरण इतकं लोकप्रिय असेल, तर ते कुणाला सोयीचं आहे हेही तपासायचं असतं.

आणि ती माणसं? त्यातली बरीच पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या टोकांना गेली. मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली ती १९८५ मध्ये, महानगरपालिका २००२ मध्ये. २००१ ला इथे सव्वापाच लाखांच्या जवळ लोक होते, २०११ ला आठ लाखांच्या वर. त्यातले किती लालबाग-परळहून आले? कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. मतदारयाद्या आहेत, शाळांची जुनी रजिस्टरं आहेत, आणि इथल्या सोसायट्यांत गावकरी मंडळांची कपाटं आहेत, त्यात दर महिन्याच्या वर्गणीच्या वह्या असतात. मिठागरांशेजारच्या आमच्या वस्तीत अशा दोन वह्या मी पाहिल्या आहेत. कसर लागली आहे, म्हणून जरा लवकर बघा.

शेवटी मुलाखतीबद्दल, कारण ती चूक मी केली आहे. सुरुवातीला मी रेकॉर्डर लावून आजोबांना विचारलं, "तुम्ही संप का केलात?" ते म्हणाले, "सगळ्यांनी केला," आणि टीव्ही लावला. असं दोनदा झालं. मग वर्षभराने, बदलीबद्दल वाचून झाल्यावर, मी विचारलं, "सकाळी गेटवर किती जण उभे असायचे आणि किती जणांना आत घ्यायचे?" त्यांनी आधी मला गेट कुठल्या बाजूला होतं ते दाखवायला कागद मागितला. मग पाळीच्या वेळा, कुठल्या जॉबरला काय द्यावं लागायचं, पावसाळ्यात शेतीसाठी लोक गावी गेले की बदलीवाल्यांची कशी चंगळ व्हायची, असं निघत गेलं. संपाच्या सभेपर्यंत ते आपणहून आले. "अकरा वर्षं गेटावर उभा होतो," ते म्हणाले, "मागच्यांना तरी उभं राहायला लागू नये, एवढंच होतं."

ते रेकॉर्डिंग दोन तास चाळीस मिनिटांचं आहे. अजून लिहून काढते आहे. खात्यांची नावं आणि साच्याच्या भागांचे शब्द अडतात, तेव्हा परत त्यांच्याकडेच जाऊन विचारावं लागतं. कागदावरचं गेट मात्र त्यांनी दोनदा खोडून नव्याने काढलं आहे. आधीचं चुकीच्या बाजूला होतं म्हणाले.